विहारात आलेली चक्कर

मी रागीट माणूस. शाळेत पोरं मला पाहून गप्प बसायची आणि विहारात मोठी माणसंसुद्धा. आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूरकडच्या आमच्या गावात विहाराच्या भिंतीवर 'दारू पिऊन पायरी चढू नये' ही ओळ मीच ब्रशनं लिहिली होती, आणि ती न पाळणाऱ्या दोघातिघांना दंड धरून बाहेरही काढलं होतं. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात राबून गेला, मी मास्तर झालो. वस्तीनं माझं ऐकलंच पाहिजे असं मला वाटायचं. तेलंगण वेगळं व्हायला तेव्हा अजून सहा-सात वर्षं होती.

रविवारची वंदना मी सांगायचो. त्या रविवारी पाच शीलं म्हणून झाली, नशा न करण्याचं पाचवं मी नेहमीसारखं जरा जोरातच म्हटलं, आणि गुडघे टेकून कपाळ फरशीला लावलं. लावलं मात्र, फरशीच फिरायला लागली. भिंत, मेणबत्त्या, सगळं एका बाजूला गरगर चाललेलं. टेकायला गेलेला हात भलतीकडेच पडला आणि मी शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंगावर आडवा झालो. अर्ध्या मिनिटात ते थांबलं, पण उठताना पुन्हा तोल गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरचंबी पाचवं शील सुटलं वाटते." ज्यांना मी बाहेर काढलं होतं, ते सगळ्यात जास्त हसले.

बायको बायकांच्या ओळीतून धावत आली. मला बखोटीला धरून उभं करताना तिनं नाक माझ्या तोंडाशी आणलं आणि वास घेतला. हळूच, पण घेतला. तिचा बाप हातभट्टीचा गुडुंबा पिऊन पिऊन मेला होता. लग्नाआधी तिनं माझ्या आईला एकच अट सांगितली होती, नवरा पिणारा नको. सोळा वर्षांच्या संसारात मी एक थेंब शिवलो नाही, आणि ही माझं तोंड हुंगते! तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर विचारलं, "काऊन हुंगलं?" ती म्हणाली, "काई नाई. तुमी पडून राहा."

पडलो की पुन्हा तेच. कूस बदलली की खाट फिरायची. गावच्या बिनडिग्रीच्या आरएमपी डॉक्टरनं अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावलं आणि गोळ्या दिल्या. त्यांनी चक्कर काही थांबेना, जीभ मात्र जड झाली. फळ्यावर उंच लिहायला मान वर केली की पाय लटपटायचे. शहाण्या माणसानं घरी बसावं, पण मी पडलो हट्टी. आपण पिऊन नव्हतो हे दाखवायला पुढच्या रविवारी पुन्हा पुढे उभा राहिलो, सगळ्यांसमोर वाकलो आणि सगळ्यांसमोर पडलो. या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी हेडमास्तरांनी बोलावलं. मी शाळेत पिऊन येतो असा तक्रारीचा अर्ज त्यांच्याकडे आला होता. "आठ दिवस दाबून ठेवतो. डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर मला तो अर्ज वर मंडल ऑफिसला पाठवावा लागेल." नोकरीची भीती होतीच, पण त्याहून जास्त जीव खायची ती बायकोची नजर. शाळेतून आलो की ती पाण्याचा तांब्या घेऊन फार जवळ यायची. एकदा मी तोंड उघडून म्हणालो, "घे वास, घे." ती तांब्या ठेवून आत गेली.

मुदत संपायच्या आत आम्ही दोघं बसनं आदिलाबादला गेलो. सरकारी दवाखान्यात चक्कर म्हटल्यावर कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या म्हणजे एक तरुण तेलुगू बाई होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि लिहिता लिहिता त्यांनी मला सोडून बायकोला विचारलं, "तागुतारा?" पितात का? तोच कागद हेडमास्तरांच्या हाती जायचा होता. बायको नेरडीगोंड्याकडची, तिची तेलुगू पक्की. "तागरु," ती म्हणाली. नाही पीत. अगदी सरळ, डोळ्याला डोळा देऊन. मला भरून आलं.

डॉक्टरबाईंनी मला पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटक्यात मागे आडवं केलं, डोकं काठाबाहेर लोंबतं. दोन-तीन क्षण काही नाही. मग खोली फिरायला लागली. ओकारी आली, मी पलंगाची पट्टी गच्च धरली. "डोळे मिटू नका," त्या म्हणाल्या, आणि बायकोला जवळ बोलावलं, "यांचे डोळे बघा." ती वाकली. माझी बुबुळं आपोआप फडफडत होती, आणि हे कुणाला मुद्दाम करता येत नाही असं बाईंनी तिला सांगितलं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात. तिथले बारीक कण जागचे सुटून नळीत शिरले की मान हलताच मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. चक्कर ओसरल्यावर त्यांनी मान सावकाश डावीकडे नेली, थांबल्या, मग कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे केलं, पुन्हा थांबल्या, आणि उठवून बसवलं. पाच मिनिटांचं काम. परत आडवं करून पाहिलं तर काहीच फिरलं नाही. गोळ्या बंद करा, पुन्हा चक्कर आली तर या, म्हणाल्या, आणि कागद लिहून दिला.

बसस्टँडच्या बाकावर बसलो तेव्हा मी खुशीत होतो. म्हटलं, "तू तरी इश्वास ठेवला. बाईनं तपासायच्या आधीच सांगतलं तू."

तिनं डॉक्टरबाईंचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "नव्हता इश्वास. मले वाटे, तुमी लपून पेता. माहा बापबी असाच शपथा घे."

"मंग नाई पेत म्हणून काऊन सांगतलं?"

"लेकरं हायत. तुमची नोकरी गेली असती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चवथं शील मोडलं मी. खोटं समजूनच बोलली."

"पण ते खरंच निघालं ना."

"ते तुमचं निघालं. माहं तर खोटंच होतं."

पंधरा दिवस मी या बाईवर दात खाऊन होतो, तिनं माझं तोंड हुंगलं म्हणून. मला दारुडा समजत असूनही ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. तिच्या जागी मी असतो तर बोललो नसतो, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं, आणि मान वर करायची लाज वाटली.