धुऱ्यावरचं वारूळ

माझा थोरला चुलतभाऊ दरसाल नांगरणीत आमच्या दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, नांगराच्या एका ओळीएवढा कोरायचा. मी भांडलो, गावातल्या चार लोकांपुढे बोललो. तो हसून म्हणायचा की धुरा मी काय खिशात घालून नेतो का. त्याला धुऱ्यावरच्या एका वारुळाचाच अडसर होता. नागपंचमीला गावच्या बाया तिथे दूध-लाह्या वाहायच्या, म्हणून तिथे त्याचा ट्रॅक्टर वळसा घालून जायचा.

त्या साली नागपंचमीच्या आदल्या दिवशी पहाटे मी रानडुकरांपासून पीक राखून वावरातून परतत होतो. वारुळाची एक बाजू फोडलेली, आणि फोडणारं तिथंच. खवल्या मांजर. मागच्या पायांवर तोल सांभाळत, पुढची लांब नखं आत मुडपून, छातीशी हात धरलेल्या म्हाताऱ्यासारखं ते उभं होतं. शेपटीच्या बुडाशी पिल्लू चिकटलेलं. भोकात तोंड खुपसून त्याची जीभ सुतळीसारखी सरसर आतबाहेर चालली होती; वारुळातली उधई, म्हणजे वाळवी, खात होतं. माझी चाहूल लागताच मादीने पिल्लू पोटाशी घेतलं आणि त्याच्याभोवती अंगाचा गोळा केला. नुसते खवले दिसत होते. मी हललो नाही. बऱ्याच वेळाने ती उलगडली, नाकाने हवा हुंगली आणि माझ्याच वावरातल्या नाल्याकाठच्या बिळात गेली. आत जाऊन तिने माती ओढून तोंड बुजवलं.

त्याच्या एक दिवस आधी फवारणीचं पाणी घेऊन भावाचा ट्रॅक्टर त्याच धुऱ्यावरून गेला होता. चाकोरी ओलीच होती. मी पळसाची फांदी मोडली आणि नखांच्या, शेपटीच्या खुणा झाडून टाकल्या. घरी येऊन बायकोला इतकंच बोललो की भावाचा ट्रॅक्टर काल वारुळाजवळून गेला म्हणतात. पुढचं मला काही करावं लागलं नाही.

पण उधई भोक लिंपून घेते, आणि खवल्या मांजर त्याच वारुळावर पुन्हा येतं. कोणी ते पाहिलं असतं, तर भाऊ सुटला असता. म्हणून त्याच दुपारी, ती आत झोपलेली असताना, मी नाल्यातले काळे दगड बिळाच्या तोंडात ठोकून बसवले. एवढी खोदणारी आहे, दुसरीकडून निघेल, असं मनाला सांगितलं. मागे सगळा खडकच होता, हे मला माहीत होतं.

फुटलेलं वारूळ पाहून भावाच्या वावरात निंदायला एकही बाई जाईना. नागोबा कोपला म्हणून सगळ्या भ्यायल्या. त्याचं सोयाबीन तणात बुडालं. मी रोज धुऱ्यावर उभा राहून बघायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत जेवण गोड लागायचं.

पोळ्याआधी तो माझ्याकडे आला. ओट्यावर टेकलाही नाही.

"माह्याच ट्रॅक्टरचा धक्का लागला असन बाबू. दरसाल कोरतच होतो ना मी. तुहा धुरा घे, पन बायाईले सांग, माह्या वावरात या म्हनून."

"घेतो," मी म्हणालो. "बायकोले सांगतो."

वहिनीने वारुळापुढे नाक घासलं, बाया पुन्हा गेल्या. भावाने माझ्यासमोर धुऱ्याचे दगड मागे सरकवले.

त्या संध्याकाळी मी बिळाचे दगड काढले. तिने आतून लावलेलं मातीचं बूच उकरून निघालेलं होतं, आणि दगडांच्या आतल्या बाजूवर नखांनी कोरून कोरून ओरखडे पडले होते. वास आला. मी दगड परत लावले.

भावाचं मला आजही वाईट वाटत नाही. त्याने धुरा खाल्लाच होता, आणि जे भोगलं ते त्याचंच होतं. तिने मात्र माझं काही खाल्लं नव्हतं. पिल्लू शेवटी तिच्या पोटाशी होतं की शेपटीवर, हे माझ्या मनात अजून येत राहतं. हे छापून आल्यावर भाऊ वाचेल, दारात येऊन मला शिव्या देईल. देऊ दे, ऐकून घेईन. धुरा परत देणार नाही.