मोजणीवाली आत्या आणि आमचं कुंपण

आत्याला आमच्या घरात सगळे 'मोजणीवाली' म्हणत. बावीस उन्हाळे ती डोंगरमाथ्याखालच्या एकाच उतारावर, एकाच वाटेने, एकाच चालीने फिरली. दोन्ही बाजूंना पाच पावलांत दिसतील तेवढीच फुलपाखरं मोजायची. पांढरी, लाल ठिपक्यांची. ती जात आता फक्त तिथेच उरली होती. त्यांच्या अळीचे नखरे फार. खडकाच्या फटीतलं जाड पानांचं एकच रोपटं ती खाते; दुसरं काही पुढ्यात ठेवा, उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही.

मग मी नोकरीला असलेल्या वनखात्याच्या कार्यालयाला फुलपाखरू वाचवण्याचा उमाळा आला. साहेबांनी ठरवलं, उताराला कुंपण घालायचं, शेळ्या बाहेर. नकाशा मी काढला.

आत्या तडक कार्यालयात आली. "शेळ्या गवत खातात म्हणून त्या रोपट्याला ऊन मिळतं. रोपटं कडू, त्याला त्या हुंगतसुद्धा नाहीत. शेळ्या हाकलल्यात तर गवत त्याला गिळून टाकेल."

"बाई, तुम्ही मोजा. वाचवायचं आम्ही बघतो," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की मला माझीच शिसारी येते.

कुंपण झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात फुलपाखरं एकसष्ट, दुसऱ्यात एकोणीस. तिसऱ्यात मी तिच्याबरोबर गेलो. गवत मांडीपर्यंत, बुडाशी कुजका वास. रोपटी पिवळी, लिबलिबीत. एक मादी गवतात शिरायची, बाहेर यायची, पुन्हा शिरायची. कुंपणावर आमची पाटी मात्र चकचकीत: संरक्षित क्षेत्र. थुंकावंसं वाटलं.

"दोन," आत्या म्हणाली. तिने पिशवीतून पक्कड काढून माझ्यापुढे धरली. "शेळीवाली खाली थांबलीय. आत्ता गवत निघालं तर थंडी संपल्यावर अळ्यांना पानं मिळतील. मी तार तोडली तर तुमची माणसं संध्याकाळच्या आत जोडतील. तू तोडलीस तर ते कार्यालयाचं काम होईल. तोड."

मी घसा खाकरला. "आत्या, असं कसं? मी फाईल टाकतो ना. वरून मंजुरी आली की..."

तिने माझ्याकडे पाहिलं, चपलेला काही लागलं की पाहतात तसं, आणि एकटीच उतरून गेली.

फाईल अकरा महिने फिरली. पुढच्या उन्हाळ्यात आत्याचा तक्ता माझ्या टेबलावर आला. मोजणीच्या रकान्यात शून्य. कुंपणाची स्थिती या रकान्यात तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तम. एकही तार तुटलेली नाही.'

त्यावर साहेबांचा शेरा होता: समाधानकारक. तक्ता पुढे जायला खाली माझी सही लागते. ती मी केली.