बाईंनी चाखलेला माशांचा बर्फ

आधी तक्रार. बाईंच्या गौरव समितीचं पत्र आलं, त्यात म्हणे, "कटू प्रसंग टाळावेत." मग माझ्याकडे लेख मागितलात कशाला? आमची ओळखच भांडणातून झाली.

तर शिंत्रे बाईंना साठीचा नमस्कार. मी बेलवलीत नाक्यावर मासे विकते. बाई अंबरनाथहून इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला यायच्या. पक्क्या शाकाहारी. माझ्या पाटीपाशी आल्या की नाकाला पदर.

माझी नात तेव्हा सातवीत. बाईंनी बर्फ वितळण्याचा प्रयोग ठेवला आणि बर्फ घरून आणायला सांगितला. आमच्याकडे फ्रिज कुठला! तिनं माशांच्या पेटीतला नेला. बाकीच्यांचा पारा शून्यावर थांबला, हिचा शून्याच्या खाली चार. तिनं तसंच लिहिलं. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. संध्याकाळी बघते तर पोरगी खोडरबर घेऊन आकडा पुसतेय. "आजी, दिसतं ते लिहायचं नसतं. पुस्तकातलं लिहायचं."

माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला, तर उद्या हिच्या गळ्यात कोणीही शिळा बोंबील मारेल.

दुसऱ्या दिवशी पेटीतला बर्फ डब्यात घेऊन भर वर्गात शिरले. "बाई, पोरीला खोटं लिहायला शिकवता?"

बाई रागावल्या नाहीत. डब्यात थर्मामीटर घातला. पारा शून्य ओलांडून खाली गेला.

"आजी, बर्फात काय घालता?"

"मीठ. मासा जास्त गार राहतो."

बाईंनी डब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि सरळ जिभेला लावलं. वर्ग "ईऽऽ" करून ओरडला.

"खारट आहे," म्हणाल्या. मग नातीच्या वहीतली स्वतःची फुली खोडली, शेजारी सही केली आणि पोरांकडे वळल्या. "चूक माझी. मी पारा बघितलाच नाही, पुस्तक बघितलं."

एवढ्या शिकलेल्या बाईंनी भरल्या वर्गात हे म्हणावं! माझं चुकलं तर मी गिऱ्हाइकावरच ओरडते.

नात आज जांभूळ गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायच्या कामावर आहे. दिसेल तोच आकडा लिहिते. ही बाईंची कमाई. नाकाचा पदर मात्र बाईंनी अजून सोडलेला नाही.

बाई, गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या आणि भरपूर जगा. मीठ घातल्यावर बर्फ वितळतो, तरी आणखी गार कसा होतो, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. डोक्यात शिरलेलं नाही. तुमच्या पंचाहत्तरीला मी परत विचारणार आहे. उत्तर तुम्हीच द्यायचं. नातीनं मध्ये तोंड घालायचं नाही.