काकूंच्या मापाने ऑस्टिन

डॅलसजवळच्या आमच्या अर्विंगमधल्या निम्म्या ओळखीच्यांनी जाऊ नकोस म्हटलं, म्हणून मी गेलेच. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर नोकरी करता येत नाही, पण शिकता येतं. माझी नागपूरची फिजिओथेरपीची डिग्री इथे धूळ खात होती. २००६मध्ये मी ऑस्टिनच्या एका अ‍ॅक्युपंक्चर कॉलेजात अर्ज ठोकला. डॅलसमधला माझा वीकएंड कोर्स ते धरणार होते, पण एका अटीवर: शरीरावरचे बिंदू शोधायची परीक्षा द्यायची आणि त्यासाठी माणूस आपणच आणायचा.

नवरा प्रोजेक्टवर बाहेरगावी. मैत्रिणींनी "सुया? सॉरी यार" म्हणून हात वर केले. सुया नव्हत्याच, पेनाने नुसता ठिपका द्यायचा होता. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "मला ने." त्यांचे यजमान भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. बिंदू बोटांनी मोजून शोधतात हे ऐकून काका म्हणाले, "बोटांनी मोजतात ते भातातलं पाणी. त्याला सायन्स म्हणू नकोस." मी गाडीत पेट्रोल भरून आले.

आय-३५ हायवेने ऑस्टिन साडेतीन तास, पण शुक्रवारी दुपारी चुकूनही निघू नका. आम्ही सकाळी सहाला निघालो, सोबत धपाटे आणि लोणचं. वाटेत वेस्ट नावाच्या गावी थांबलात तर चेक लोकांचे कोलाचे खा. मधे जर्दाळू घातलेला गोडसर पाव असतो तो. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, काहींत सॉसेज असतं. काकूंनी दोन खाल्ले आणि तिसरा काकांसाठी बांधून घेतला.

तिथेच बाकावर सराव करायला बसलो. त्सुन म्हणजे चिनी इंच, आणि तो पट्टीवर नसतो. ज्याचं शरीर, त्याचाच इंच. पेशंटची चार बोटं जुळवून धरली की त्यांची रुंदी तीन त्सुन. उंच माणसाचा त्सुन मोठा, बुटक्याचा लहान. मला हे शास्त्र आवडलं ते यासाठीच. पण काकूंची बोटं जुळेनात. संधिवाताने सांधे सुजलेले, बोटं वाकडी, मधल्या फटीतून पेन जाईल इतकी. उरलेला रस्ता मी हाडांमधल्या अंतरावरून मोजायच्या दुसऱ्या पद्धतीची मनात उजळणी करत गाडी चालवली.

परीक्षक बाईंनी काकूंचे हात पाहिले आणि शांतपणे सांगितलं की यांच्यावर माप नीट येणार नाही, बाहेर एक विद्यार्थी बसलाय, त्याला घ्या. काकूंना इंग्रजी छान कळतं. त्या सलवारीचा पाय खाली ओढत टेबलावरून उतरायला लागल्या.

"घे त्याला, शुभांगी. माझ्यापायी तुझं वर्ष जायला नको."

माझं डोकंच फिरलं. "काकू, बसा," म्हटलं, आणि बाईंना विचारलं, दुखणाऱ्या हातांची माणसं तुमच्याकडे येतच नाहीत का? त्यांनी भुवया उंचावल्या आणि घड्याळ लावलं.

गुडघ्याखाली तीन त्सुनवरचा बिंदू दाखवायचा होता. गुडघ्याच्या वाटीखालच्या खळगीपासून घोट्यापर्यंत सोळा त्सुन, माणूस कोणताही असो. दोन्ही करंगळ्या दोन टोकांना ठेवल्या, अंगठे मधोमध आणून भिडवले: आठ. वरच्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे: चार. पुन्हा: दोन. दोन आणि चारच्या मधोमध तीन. नडगीच्या जरा बाहेर ठिपका दिला. बाईंनी तिथे दाबलं तशा काकू "आई गं" म्हणाल्या. बाईंनी आपल्या हातांनी दोनदा मोजून पाहिलं. वेळ जास्त घेतला म्हणून मार्क कापले, पण पास केलं.

राहायला साठ डॉलरचं मोटेल पुरे. संध्याकाळी नदीवरच्या पुलाखालून लाखो वटवाघळं बाहेर पडतात, ती बघायला लवकर जा, पार्किंग मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. काकांनी कोलाचा खात विचारलं, मग, बोटं झाली का सरळ?

"ती कशाला होतायत आता," काकू म्हणाल्या. "पण तिथे हिला मला बदलून दुसरा घे म्हणाले. हिनं नाही बदललं."

काका खायचे थांबले. मग उठून त्यांनी काकूंच्या चपलांचे बंद सोडले. पुढच्या तीन वर्षांत माझ्या प्रत्येक परीक्षेला काकूच आल्या, आणि गाडी काकांनी चालवली.