मध्येच थांबवलेला धडा

तुमच्या मुलीने वर्गात शेवटचा प्रश्न कधी विचारला, सांगता येईल? तिचा धडा किती टक्के पूर्ण झाला ते सांगता येईल. ते तुमच्या फोनवर येतं.

मी बंगळुरात यशवंतपूरजवळच्या एका खासगी शाळेत गणित शिकवते. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं यायची. वडील कारखान्याच्या युनियनमध्ये होते. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘मागण्या’ या शब्दावर. त्यामुळे कुणी ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणत काही आणलं की माझे कान टवकारतात.

गेल्या वर्षी शाळेने प्रत्येक वर्गात मोठा पडदा बसवला. आधी व्हिडिओ, मग शिक्षकांचं शिकवणं, घरी ॲपवर सराव. याला मिश्र शिक्षण म्हणतात. खोटं कशाला बोलू, पडद्यावर धडधडणारं हृदय पाहून मीही हरखले होते. खडूने काढलेलं हृदय धडधडत नाही. पण या मिश्रणात शिक्षकाचा वाटा किती, ते नंतर कळलं. व्हिडिओ न थांबता शेवटपर्यंत चालला तरच धडा पूर्ण, वर्गाच्या नावापुढे हिरवा ठिपका. मध्ये थांबवला की लाल.

माझ्या शेजारच्या वर्गातले सर व्हिडिओ लावून व्हरांड्यात कॉफी प्यायचे. त्यांचा ठिपका कायम हिरवागार.

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, मराठीत कन्नड मुरलेलं. विजेच्या धड्याला मी दारात उभी होते. एका मुलीने हात वर केला.

“मिस, बल्ब पेटला की वीज त्यातच संपून जाते का?”

अक्कांनी व्हिडिओ थांबवला. “स्वल्प थांबा हं,” म्हणत पिशवीतून सेल, वायर आणि दोन बल्ब काढले, एकामागे एक जोडले. “पहिल्यातच संपत असेल, तर दुसरा पेटेल का?” मुलं बाकांवर चढली. दोन्ही पेटले, मंद पण सारखेच. “मग मंद का झाले?” यावर घंटा होईपर्यंत भांडण चाललं. असा तास मी फार कमी पाहिलाय.

ठिपका लाल.

मग कंपनीचा प्रशिक्षक आला. मूळ पुण्याचा, आता सर्जापूर रोडला राहणारा. मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून खूश झाला आणि त्याच मराठीत अक्कांना भर वर्गात सुनावलं.

“मॅडम, कंटेंटचा फ्लो ब्रेक करू नका ना. तुमचा वर्ग फुल रेड आहे.”

“मूल विचारत होतं.”

“त्यासाठी चॅटबॉक्स दिलाय की!”

“त्या बॉक्सला मुलीचा चेहरा दिसतो का रे बाबा?”

तो हसला. “जूनमध्ये काँट्रॅक्ट रिन्यू करताना मॅनेजमेंट ठिपके बघणार, मॅडम. चेहरे नाही.” मग मुलांकडे वळून त्याने गोड इंग्रजीत समजावलं, की तुम्ही मध्ये मध्ये विचारलंत तर तुमच्या मिसचं नुकसान होईल.

दुसऱ्या दिवसापासून सातवीत एकही हात वर येईना. त्या मुलीचा अर्धवट उचललेला हात शेजारणीने खाली ओढला. “गप्प बस गं, मिसची नोकरी जाईल.” व्हिडिओ अखंड चालले, ठिपका हिरवा झाला आणि प्रार्थनेच्या वेळी अक्कांचं टाळ्यांच्या गजरात अभिनंदन झालं. काय ही प्रगती! आपल्या बाईंना वाचवायचं म्हणून मुलांनी न समजलेलं गिळायला शिकायचं, आणि आपण त्याला तंत्रज्ञानाची साथ म्हणायचं.

अक्कांनी कसाबसा आठवडा काढला. मग एका तासाला, कुणीही हात वर केलेला नसताना, त्यांनी स्वतःच व्हिडिओ थांबवला.

“माझ्या नोकरीचं मी बघते. सरी? ठीक आहे ना? आता विचारा.”

मग त्याच मुलीने हात वर केला.

ठिपका पुन्हा लाल आहे. अक्कांचा करार पालकसभेनंतर ठरणार आहे, आणि तिथे माझं ऐकणार कोण? मीही करारावरच आहे. तुमचं मात्र ऐकतात, फी तुम्ही भरता. तुमच्या मुलीच्या शाळेतही असा पडदा असेलच. येत्या पालकसभेत टक्क्यांचा कागद हातात पडेल तेव्हा उभे राहा आणि एवढंच मागा: मुलाच्या प्रश्नासाठी थांबवलेला धडा अपूर्ण धरू नका. ‘बघू’ म्हणतील. होकार मिळेपर्यंत खाली बसू नका.