काकांच्या फोनमध्ये नसलेला समुद्र

मंडळी, सकाळपासून मन खातंय, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या आठवड्यात आमचा पनवेलचा सायकल ग्रुप गाइडसोबत अंदमानला गेला होता. त्यात सदुसष्ट वर्षांचे जोशीकाका होते. ते दर वळणावर थांबून फोटो काढायचे आणि आम्ही खोळंबायचो. तिसऱ्या दिवशी मीच गाइडला म्हणालो, "त्यांना मागच्या सामानाच्या गाडीत बसवा ना." उरलेले दोन दिवस काका त्या गाडीत बसून होते आणि ती फोटोसाठी कुठेच थांबत नव्हती.

आज त्यांचं जॅकेट माझ्या बॅगेत सापडलं, ते द्यायला घरी गेलो. काकू अंथरुणाला खिळल्यात, हे मला माहीतच नव्हतं. काका उशाशी बसून त्यांना फोनवर एकेक फोटो दाखवत होते.

"पुढचा समुद्र कुठाय हो?" काकूंनी विचारलं.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, फोन बिघडला होता माझा."

"असू दे. तुम्ही तर पाहिलात ना?"

काका नुसते हसले.

माझ्याकडे त्या दोन दिवसांचे ढीगभर फोटो आहेत, पण सगळ्यांत आम्हीच दात काढून उभे आहोत. मी चहाही न घेता निघालो.

तुम्ही असतात तर तिथेच खरं बोलला असतात का?