पंचवीस अक्षरं

वडिलांनी सगळी नोकरी आगाशीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "या हाताला रोज काम द्या. वापर थांबला तर हात गेलाच समजा." चेंडू दाबायला दिला की वडील चिडायचे, "मी काय लहान पोर आहे?" म्हणून मी बस चालवायचा कॉम्प्युटर गेम शोधला.

आई म्हणाली, "वापरलेलं कशाला आणतेस?" मी फटकन म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं?" स्वतः किती कळत होतं ते देवालाच ठाऊक.

होळी गावातल्या एका माणसाने तसा गेम विकायला काढला होता. मी त्याच्या घरी गेले. चहा झाला, वाडीतली केळी हातात पडली. "लावून बघणार का, ताई?" त्याने तोंडदेखलं विचारलं. मी नको म्हटलं. मिक्सर असो की स्कूटर, आमच्या घरात आलेल्या वस्तूला पहिला हात मोठ्या माणसाचा लागतो, आणि आमच्यासाठी तो गेम नवाच होता.

आईने गेमच्या डब्याला हळद-कुंकू लावलं. आतल्या पुस्तिकेवर पंचवीस अक्षरांची 'की' छापलेली होती. ती अक्षरं टाईप केल्याशिवाय गेम उघडत नाही. मी टाईप करायला पुढे झाले तर वडील म्हणाले, "मी करतो, बाय." आणि मांडीवरचा हात त्यांनी उचलला. कित्येक महिन्यांनंतर, आपण होऊन. एकेका अक्षरावर बोट नेताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. तासभर लागला. आई पदराने डोळे पुसत होती.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, ही 'की' आधीच दुसऱ्याच्या खात्यावर वापरलेली आहे.

"काय म्हणतोय?" वडिलांनी विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर मला तोंडघशी पडायचं नव्हतं. मी म्हणाले, "एखादं अक्षर चुकलं असेल."

बाल्कनीत जाऊन त्या माणसाला फोन लावला. "ताई, 'की' एकदाच चालते. तुम्ही विचारलंच नाही," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी शिव्या देत आत आले, तेव्हा वडील पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झाले होते. मी तेव्हाही बोलले नाही. दुसऱ्यांदा लाल अक्षरं आली तसा त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

आठवड्याने मी नवाकोरा गेम आणला. 'की' मीच टाकली, पडद्यावर बस सुरू झाली. वडील म्हणाले, "तू चालव, मी बघतो."

मग मात्र मी त्यांच्यापाशी बसून सगळं सांगितलं. माणूस लबाड होता, 'की' वापरलेली होती, तुम्ही दोन्ही वेळा एकही अक्षर चुकला नव्हता, खोटं मी बोलले.

त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. "राहू दे, बाय," ते म्हणाले. "माझी समजूत नको काढू."